आखूड मानेचा कांदा

भागूआत्या. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही बऱ्या गोष्टीचा माग काढत गेलो, की वाट शेवटी या नावापाशी येऊन थांबते. भागूबाई माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं बहुतेक आयुष्य पुण्याजवळच्या कुरुळीला आमच्याच घरी गेलं. तिला सही करता येत नव्हती. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मात्र तिच्यामुळे झाला, आणि तो पदवीधर समुद्राकाठच्या एका आरमारी शहरात अख्खी नोकरी करून तिथंच निवृत्त झाला, तेही तिच्यामुळेच. तो पदवीधर मी.

चैत्र लागला की इथं विशाखापट्टणच्या बाजारात नवा कांदा येतो. ट्रकमधून पोती उतरतात, जमिनीवर ढीग पडतात, आणि माशांच्या, मिठाच्या, ओल्या दोरखंडांच्या या गावाला चार दिवस शेताचा वास येतो. मी पिशवी घेऊन जातो आणि ढिगापाशी उकिडवा बसतो. कांदा हातात घेतला की माझा अंगठा आपोआप त्याच्या मानेवर जातो. मान किती राखली आहे, वाळली आहे की ओली आहे, हे बघितल्याशिवाय मला कांदा पिशवीत टाकवत नाही. इथला दुकानदार मला वर्षानुवर्षं ओळखतो. आरमारी गाव असल्यामुळे सगळ्यांनाच मोडकंतोडकं हिंदी येतं. परवा तो म्हणाला, "बाबूजी, प्याज है, दुल्हन नहीं. कितना देखोगे?"

मी हसलो. पण घरी येताना चालण्याचा वेग मंदावला. माझ्या डोळ्यांपुढं कुरुळीचं शेत आलं होतं, आणि पन्नासाच्या दशकातला तो एक उन्हाळा.

कांदा तयार झाला की त्याच्या माना पडतात. वाफ्यातली हिरवी पात एके दिवशी कमरेत वाकते आणि आडवी होते. चार-पाच दिवसांत सगळं रान झोपल्यासारखं दिसतं. मग उपटणी. उपटलेला कांदा उन्हात उघडा टाकत नाहीत. एक ओळ मांडायची, तिच्या कांद्यांवर पुढच्या ओळीची पात येईल अशी दुसरी ओळ मांडायची. कांद्याला ऊन लागू नये, पण वारा मिळावा. आत्या हे काम सर्वांत चांगलं करायची. तिनं मांडलेल्या ओळी बांधावरून बघितल्या की कौलं घातल्यासारख्या दिसत. तीन-चार दिवसांनी पात सुकली की विळ्यानं कापणी. आणि इथं खरी मेख. कांद्याला दोन बोटं मान ठेवून पात कापायची. आखूड कापली तर तोंड उघडं राहतं, आणि साठवलेला कांदा तिथून आत सडत जातो. बाहेरून काही कळत नाही. आषाढात कांदा साठवायच्या चाळीचं दार उघडलं की वासानंच कळतं.

त्या दिवसांत सगळ्या गावाला एकच वास असायचा. अंगाला, अंथरुणाला, पाण्याच्या घोटाला. पुण्याच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसणारा मुलगा एकदा विनयानं म्हणाला होता, "तुझ्या वह्यांना कांद्याचा वास येतो रे." मी शरमलो होतो. वह्यांना वास यायचं कारण होतं. माझा डबा चार वर्षं एस.टी.नं यायचा. आत्या पहाटे भाकरी थापून, सोबत कांदा ठेवून नाशिक रस्त्यावर येऊन उभी राहायची आणि डबा कंडक्टरच्या हाती द्यायची. कंडक्टर बदलले, पण तिचं वाक्य बदललं नाही. "मास्तर, डायव्हरला सांगा बिरेक जपून मारायला. आमटी सांडंल, पोरगं कोरडी भाकर खाईल." पुण्यात मी तो डबा घेऊन वर्गात जायचो. चार वर्षांत आमटी पुष्कळदा सांडली. डबा एकदाही चुकला नाही.

पदवी मिळाली आणि मी घरी आलो. नोकरी नव्हती. वर्षभर वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून अर्ज टाकत होतो, एक परीक्षा देऊन आलो होतो, आणि बाकी वेळ दादाच्या हाताखाली शेतात होतो. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेल्यापासून घर त्यानंच चालवलेलं. चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर ठसठशीत, बोलणं त्याहून ठसठशीत.

त्या वेळी पिंपरीच्या माळावर कारखाने येऊ लागले होते. जिथं मेंढ्या चरायच्या तिथं तारेचं कुंपण पडलं, चिमणी उभी राहिली. दादानं एका ओळखीच्या मुकादमाला गाठून माझ्यासाठी तिथं शब्द टाकला होता. त्याचा सगळा बेत ठरलेला होता आणि तो बेत तो मला रोज न्याहारीला ऐकवायचा.

"सायकल घेऊ. सकाळची पाळी केलीस की चारला घरी. च्या पिऊ, मग मी मोट हाकीन, तू वाफ्यांची दारं धर. पदवी बी कामाला आली अन् रान बी सुटलं न्हाई."

"आणि दुपारची पाळी असली तर?"

"तर सकाळी दारं धर. तुझी पदवी काय पाण्यानं भिजती व्हय?"

वहिनी पदराआड हसायची. घराच्या पडवीला दादानं सायकलीसाठी एक छप्परही काढलं होतं. सायकल अजून यायची होती.

आणि मग टपालानं तो लिफाफा आला. विशाखापट्टणच्या आरमारी गोदीत, भांडार विभागात कारकून म्हणून नेमणूक. हजर व्हायला थोडे दिवस होते. त्या कागदावर माझं संपूर्ण नाव छापील अक्षरांत होतं आणि त्यापुढं बी.ए. असं होतं. माझं नाव मी तोवर हातानं लिहिलेलंच पाहिलं होतं. मी तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. मला जायचं होतं. का जायचं होतं, हे मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. समुद्र मी पाहिलेला नव्हता. दादाला काय सांगायचं, एवढाच विचार मी सकाळ-संध्याकाळ करत होतो. तो विचार करत करतच मी कापणीला बसलो.

आम्ही लिंबाच्या सावलीत कापत होतो. दादा चाळीत बांबू ठोकत होता. उन्हं वर आली तेव्हा आत्या पाण्याची कळशी घेऊन आली, माझ्या ढिगातला एक कांदा तिनं उचलला, मग दुसरा, मग पाच-सहा. ते तिनं ओच्यात घेतले आणि माझ्यासमोर बसली.

"शिवा, ह्ये कुणी कापलं?"

"मीच."

"ह्यांच्या माना कुठं हायेत?"

मी पाहिलं. एकाही कांद्याला मान नव्हती. सगळ्यांची टाळकी गुळगुळीत उडवलेली होती. मी शेतकऱ्याचा मुलगा, सहाव्या वर्षापासून कांदा कापत आलेला. सकाळपासून मी ढीगभर कांदा वाया घालवला होता आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"कागद आलाय न्हवं?" आत्या म्हणाली.

माझा हात खिशावर गेला.

"चार दिस बगतीया. हात सारखा खिशाकडं. पैलवान लंगोट चाचपतो तसा." ती हसली नाही. "कुठला हाय?"

मी सांगितलं. किती लांब, किती गाड्या बदलायच्या, तिथली भाषा वेगळी, वर्षातून एकदा येता येईल, तेही रजा मिळाली तर. मला वाटलं ती डोळ्यांना पदर लावेल. ती म्हणाली, "मग जा."

"दादानं पिंपरीचं ठरवलंय."

"ठरवू दे. जवळची नोकरी घेऊ नगंस."

मग तिनं मला जे सांगितलं, ते मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आत्या सासर सोडून आलेली आहे, एवढंच घरात सर्वांना ठाऊक होतं. का, ते कुणी विचारायचं नाही.

"मला नदीपल्याड दिली. पान्यातल्या पायउतारानं तीन मैल. आई म्हनाली, लेक डोळ्यांम्होरं ऱ्हाईल. सासू बोलली की मी निघाले. नवरा रागावला की निघाले. मीठ जास्त पडलं तरी निघाले. संध्याकाळच्या आत हितं. पावसाळ्यात मी लई चांगली नांदायचे, शिवा. सासू बी म्हनायची, भागी सुधारली. नदीला पूर असायचा न्हवं." ती ओच्यातले कांदे एकेक करून खाली ठेवत होती. "पानी उतरलं की पुन्हा तेच. एकदा आले, अन् मग न्यायला कुनी आलंच न्हाई. त्यांनी दुसरी केली. माणूस वाईट न्हवता. मला लांब दिली आसती तर मी रडले आसते, पन ऱ्हायले आसते."

वाऱ्यानं कांद्याची सालं उडत होती.  

"पिंपरीला गेलास तर रोज चारला हितं येशील," ती म्हणाली. "कारखान्यात धड न्हाई, रानात धड न्हाई. कुनी वर आवाजात बोललं की सायकलीवर बसशील. आसं जा, की एका सांजंत म्हागारी येता येनार न्हाई." मग उठली आणि पदर खोचून म्हणाली, "दादाला तूच सांग. अन् आजच सांग. कांदा तर त्याला दिसनारच हाय."

दादाला दिसला. मी कागदही दाखवला. तो कागद त्यानं दोनदा वाचला.

"विशाखापट्टण म्हंजी कुठं?"

"पूर्वेच्या समुद्रावर."

"समुद्र ममईला न्हाई व्हय?"

"नेमणूक तिथं आहे."

"खडकीला येवढं मिलिटरीचं हाय, देहूरोडला हाय. अन् आरमारात कशाला? तुला विहिरीत पवाय येत न्हाई, शिवा. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून उतरायचास."

"कारकुनाला पोहावं लागत नाही, दादा."

"मग कारकुनाला समुद्र कशाला लागतो?"

 दादानं कागद घडी करून परत दिला, अगदी पहिल्या घड्यांवर. मग तो ढिगापाशी बसला आणि संध्याकाळपर्यंत एकेक कांदा बघत, मान असलेला एकीकडे, बिनमानेचा एकीकडे, असं निवडत राहिला. मी शेजारी बसलो तर म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे, सायेब." दुसऱ्या दिवशी त्यानं आखूड कांदा गाडीत भरला आणि चाकणच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावानं देऊन टाकला. साठवता येणारच नव्हता. परत आल्यावर बैल सोडले, हातपाय धुतले, जेवला. माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर मी जाईपर्यंत बोललाच नाही.

इथं या गावात मी छत्तीस वर्षं काम केलं. बंदराच्या तोंडाशी डोंगराचं नाक समुद्रात शिरलेलं आहे, त्याच्या आडोशाला बोटी उभ्या असतात. फाटकावर बिल्ला दाखवायचा, भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर. माझं काम भांडारात. दोरखंडांची वेटोळी, रंगाचे डबे, साखळ्या, बोल्ट, किरमिजी ग्रीस. खाऱ्या हवेत लोखंड एका पावसाळ्यात पोपडे सोडतं, म्हणून प्रत्येक वस्तू पुसायची, ग्रीस लावायची, पुन्हा जागेवर ठेवायची. मला हे काम आवडलं. जपून ठेवण्याचं काम मी शेतात शिकलो होतो, आणि एकदा त्यात मोठी चूक केलेली असल्यामुळे पुन्हा केली नाही. बोट दुरुस्त होऊन बंदराबाहेर निघाली की आम्ही कारकूनसुद्धा गोदामाच्या दारात येऊन उभे राहायचो. तिच्यातली कुठली तरी साखळी आपल्या हातून गेलेली आहे, एवढंच आमचं नातं.

पहिली दोन वर्षं मी दर महिन्याला परत जाण्याचा विचार केला. वरिष्ठ बोलला की केला, ताप आला की केला. पण स्टेशनवर जाऊन अडीच दिवसांचं तिकीट काढेपर्यंत राग उतरायचा. आत्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढं लग्न झालं, आमच्याच तालुक्यातली मुलगी इथं आली, तेलुगूत भांडायला शिकली, रमली. निवृत्त झाल्यावर कॉलनीतली बहुतेक मंडळी आपापल्या मुलखात गेली. मला लोक विचारतात, तुम्ही का नाही गेलात. मी म्हणतो, सवय झाली. खरं इतकंच, की जिथं रडत का होईना राहिलो, ती जागा आपली होते. आता कुरुळीहून पुतण्याचा फोन येतो. तो म्हणतो, "काका, आता कुठला कांदा? वाफ्यांवर कंपनीची शेड आली. मी तिथंच सुपरवायझर." त्याला घरून कंपनीत जायला चार मिनिटं लागतात. तो सुखात आहे. ते ऐकून मलाही बरं वाटतं. आत्याचं सांगणं तिच्यापुरतं आणि माझ्यापुरतं खरं होतं, एवढं समजण्याइतकं वय आता झालं आहे.

मी निघालो त्या दिवशी दादा उजाडायच्या आत मोटेवर गेला होता. वहिनीनं हातावर दही दिलं. आत्या माझी वळकटी डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आली, मला घेऊ देईना. आम्ही दोघं एस.टी.ची वाट बघत उभे होतो आणि विहिरीवरून मोटेच्या चाकाची करकर ऐकू येत होती. गाडी वळणावर दिसली तेव्हा ती करकर थांबली. बैल वळवायला थांबवले असतील. मी वर चढलो. आत्यानं सवयीनं कंडक्टरला सांगितलं, "मास्तर, बिरेक जपून."

पोचल्यावर मी घरी एक कार्ड टाकलं, मग दुसरं. उत्तर नाही. दोन महिने गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या घरात वाचणारा आणि लिहिणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही. आत्याला पत्र लिहायचं म्हणजे ते दादानं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचं, आत्यानं आणि वहिनीनं ऐकायचं. गावात सगळीकडे असंच चालायचं. दुसऱ्याचं पत्र वाचायला घेतलं की एक शब्द गाळायचा नाही, हा तिथला दंडक. शत्रूनंसुद्धा पाळावा असा. त्याच्या भरवशावर मी तिसरं पत्र लिहिलं, पाकिटात घालून.

आत्या गेली त्या वर्षी वहिनीनं ते पत्र माझ्या हाती दिलं. घड्यांवर विरलेलं, कडेला हळदीची बोटं. वहिनी म्हणाली, "आत्याबाई सारख्या वाचाय लावायच्या. ह्यांना तर पाठ झालतं. पैल्यांदा वाचताना मधीच थांबले, पानी प्याया उठले. आत्याबाई म्हनाल्या, फुडं वाच." कुठं थांबला होता, हे मी विचारलं. ते तिला आठवत नव्हतं. त्या पत्राचं उत्तर मला आलं होतं, तीन ओळींचं. ते दादाचं आहे, म्हणून इथं देत नाही. माझं तेवढं देतो.

तीर्थरूप भागूआत्यास शिवरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं सुखरूप आहे. समुद्र पाहिला. आपल्या नदीला पूर आला की दिसतो तसा, पण पलीकडचा काठ नाही. जेवण भाताचं आहे, भाकरी मिळत नाही. चिंचेची आमटी फार करतात आणि ती सांडत नाही, कारण इथंच शिजते. मला खोली मिळाली आहे. परत येण्याचं मनात आलं होतं, पण आलो नाही, हे तुला कळावं.

आता पुढचं दादाला आहे. पण दादा, वाचायचं तुलाच आहे, आणि मोठ्यानं, कारण आत्या ऐकायला बसली असेल.

दादा, कांदा मी मुद्दाम खराब केला नाही. माझं मन तिथं नव्हतं आणि हे तुला सांगायला मी भीत होतो. चार दिवस आधी सांगितलं असतं तर तू रागावला असतास, पण कांदा वाचला असता. ही माझी चूक, आत्याची नाही. तिला बोलू नकोस.

मला वाटत होतं, तुला शेताला माझे हात पाहिजेत, म्हणून तू पिंपरीचं ठरवलंस. इथं दुपारी एकला भोंगा होतो. मग सगळे आपापल्या भाषेच्या माणसांत बसून जेवतात. माझ्या भाषेचं कुणी नाही. मी दोराच्या वेटोळ्यावर एकटा बसतो. पहिले आठ दिवस मला वाटलं, मला भाकरीची आठवण येते. मग कळलं, बांधावर समोर बसून तू जेवायचास आणि माझ्या पदवीची चेष्टा करायचास, त्याची येते. तेव्हा तुझा बेत माझ्या ध्यानात आला. हात मजुरीनं मिळतात. चारला घरी येणारा भाऊ मजुरीनं मिळत नाही. तुला तो पाहिजे होता, आणि तू ते तोंडानं म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही. मी शिकलेला होतो, मी विचारायला पाहिजे होतं.

मी इथंच राहणार आहे. हे कळूनसुद्धा राहणार आहे. त्याचा तुला राग येणं बरोबर आहे.

वाचून झालं की आत्या विचारेल, संपलं का. संपलं म्हणून सांग. मग ती तुला उत्तर लिहायला बसवेल आणि स्वतः सांगायला लागेल. तिचं सांगणं वेगळ्या कागदावर लिही. एक कागद तुझा असू दे. त्यावर शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण तुझ्या अक्षरात मला चार शब्द पाठव.

तुझा,
शिवा